अथेन्सची शाळा, अथेन्सचं जेवण: मुलांसाठी एक ग्रीक दिवस असा मांडा

इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस चालून आला तेव्हा अथेन्सकरांनी आपलं शहर रिकामं केलं. बायकामुलांपैकी बरीच जण समुद्रापलीकडच्या ट्रॉयझेन गावी पोचली. तिथल्या लोकांनी एक ठराव केला आणि ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने तो नोंदवून ठेवला आहे. निर्वासितांना गावाच्या खर्चाने दोन-दोन ओबोल (छोटी नाणी) भत्ता द्यायचा, मुलांना हव्या त्या झाडाचं फळ तोडू द्यायचं आणि या मुलांना शिकवणाऱ्या गुरुजींचा पगारही गावानेच द्यायचा. लढाई तोंडावर आलेली असताना मुलांचं खाणं आणि मुलांची शाळा एकाच ठरावात बसली.

इतिहासाच्या प्रकल्पात ग्रीस आलं की आपल्याकडे पुठ्ठ्याचे खांब उभे राहतात, चांदीच्या कागदाचं शिरस्त्राण होतं आणि कुणीतरी लाकडी तलवार घेऊन ओरडतं. त्यापेक्षा मुलांना अथेन्समधल्या त्यांच्याच वयाच्या पोराचा एक दिवस जगू द्या: सकाळी पाटी, दुपारी आखाडा, संध्याकाळी जेवण. मात्र शाळा एका दिवशी आणि खाऊ दुसऱ्या दिवशी अशी फोड करू नका. अथेन्समध्ये जो आवर पाटीवर शिकवला जाई तोच जेवताना तपासला जाई. ते एका दिवसात घडलं तरच मुलांच्या लक्षात येतं.

खालचा बेत ८ ते १४ वयाच्या साधारण २० मुलांसाठी आहे. आदल्या दिवशी थोडी तयारी आणि मग एक पूर्ण दिवस लागतो.

आधी शहर आणि काळ पक्का करा

'प्राचीन ग्रीस' म्हणून सगळं एकत्र कालवलं की गोंधळ होतो. स्पार्टाचा मुलगा, अथेन्सचा मुलगा आणि पुढे दोनशे वर्षांनी मिलेटसमध्ये शिकणारा मुलगा यांचे दिवस अगदी वेगळे होते. मी इ.स.पू. ४२० च्या आसपासचं अथेन्स सुचवेन, कारण त्या काळाबद्दल नाटकं, संवाद आणि रंगवलेली भांडी अशी तिन्ही प्रकारची साधनं मिळतात.

या अथेन्समध्ये सरकारी शाळा नव्हत्या. बाप फी भरायचा आणि मुलगा साधारण सातव्या वर्षी शिकायला जायचा. शिक्षक तिघे असत: अक्षरं शिकवणारा, लायर हे तंतुवाद्य आणि गाणं शिकवणारा, आणि आखाड्यात शरीर घडवणारा. ऐपत असेल तितके जास्त शिक्षक आणि तितकी जास्त वर्षं. फी चुकवणारे तेव्हाही होतेच. ग्रीक लेखक थिओफ्रास्टसने रंगवलेला एक चिक्कू बाप सणवार फार म्हणून अँथेस्टेरिऑन महिनाभर पोराला शाळेतच धाडत नाही, म्हणजे त्या महिन्याची फी वाचते.

दोन गोष्टी मुलांपासून लपवू नका. मुलाला शाळेत नेणारा-आणणारा 'पेडागोगॉस' हा घरचा गुलाम असे. आणि मुली या शाळांत जात नसत, त्यांचं शिक्षण घरात आईच्या हाताखाली होई. काही भांड्यांवर हातात गुंडाळी धरून वाचणाऱ्या बायका दिसतात, म्हणजे काहींना वाचता येत होतं. टिओस शहरात इ.स.पू. दुसऱ्या शतकात एका देणगीतून मुलगे आणि मुली दोघांसाठी शिक्षक नेमल्याचा शिलालेख आहे, पण ते पुढचं. तुमच्या उपक्रमात मुली अर्थातच बसतील. फक्त सुरुवातीला हे दोन वाक्यांत सांगून टाका.

काय वगळायचं त्याची यादी दारावर लावा

पालक उत्साहाने काहीही आणतात, म्हणून ही यादी आठवडाभर आधी पाठवा. टोमॅटो, बटाटा, मिरची, मका, ढोबळी मिरची, शेंगदाणा हे सगळं अमेरिकेतून खूप उशिरा आलं. लिंबू नको, आंबटपणाला व्हिनेगर चालेल. साखर आणि गूळ नको, मध घ्या. तांदूळ नको. हळद आणि फोडणी नको, पण जिरं, धने, तीळ, लसूण, कांदा, शेपू हे सगळं चालतं. तूप आणि लोणीही बाद, कारण स्वयंपाक ऑलिव्ह तेलाचा होता आणि ग्रीसच्या उत्तरेकडच्या थ्रेसच्या लोकांना 'लोणीखाऊ' म्हणून विनोदी नाटकात चिडवलं जाई.

इंटरनेटवरच्या 'ग्रीक सॅलड'च्या चित्राला भुलू नका. त्यातला निम्मा ऐवज सॉक्रेटिसने कधी पाहिला नसेल.

आदल्या दिवशी: मेणपाट्या

हा दिवसाचा सगळ्यात मोलाचा भाग आहे. तो बाजारात मिळणाऱ्या कशाने भरून काढता येत नाही. ग्रीक मुलाची पाटी म्हणजे लाकडाची फळी, तिच्यात उथळ खळगा आणि त्यात काळपट मेणाचा थर. टोकदार लेखणीने मेणावर कोरायचं आणि लेखणीच्या दुसऱ्या, चपट्या टोकाने मेण दाबून पुसायचं.

आपल्याकडे लाकडी चौकटीची दगडी पाटी अजून मिळते. ती यासाठी उत्तम, कारण चौकट आयता काठ देते. प्लास्टिकच्या चौकटीची घेऊ नका, गरम मेणाने ती वाकते.

मध्यम आकाराच्या एका पाटीला २ मिलिमीटर थरासाठी साधारण ६० ते ७० ग्रॅम मेण लागतं. मधमाशीचं मेण घ्या. मेणबत्तीचं पॅराफिन ठिसूळ असतं, कोरताना त्याचे कपचे उडतात. मेण थेट आचेवर ठेवू नका. एका पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात दुसरं भांडं बसवा आणि त्यात मेण वितळवा. हे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे पाण्याची उष्णता पुरते. वितळलं की दिव्याची काजळी थोड्या तेलात खलून त्यात घाला आणि ढवळा. काळ्या मेणावर कोरलेली रेघ उजळ दिसते.

पाटी आधी उन्हात तापवा आणि पृष्ठभागावर खिळ्याने आडव्यातिडव्या रेघा ओढा. गार, गुळगुळीत दगडावर मेण धरत नाही, सुकल्यावर पापडासारखं सुटून येतं. सपाट जागी पाटी ठेवून मेण एका दमात ओता आणि हात लावू नका. ओतण्याचं काम मोठ्यांनीच करायचं.

लेखणी बांबूची. वीतभर काडी घ्या, एक टोक तासा आणि दुसरं चपटं करा. चपटं टोक विसरलात तर मुलं बोटाने मेण खरवडतील आणि तासाभरात पाटीची चाळण होईल.

हेरोडासच्या इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या एका नाट्यप्रवेशात एक आई गुरुजींकडे तक्रार घेऊन येते. मी दर महिन्याला मर मर मरून मेण लावते ती पाटी पलंगाच्या पायाशी अनाथासारखी पडलेली असते, आणि कार्ट्याच्या खेळायच्या हाडांच्या सोंगट्या मात्र लखलखतात, असं तिचं म्हणणं. मेणपाट्या ओतून झाल्यावर हा प्रसंग मुलांना सांगा, आया हसतात.

सकाळ: घास आणि वाट

एस्किनिज या अथेन्सच्या वक्त्याने कोर्टात वाचून दाखवलेल्या कायद्यानुसार अथेन्सच्या शाळा सूर्योदयाआधी उघडायच्या नाहीत आणि सूर्यास्ताआधी बंद करायच्या. तुम्ही आठला सुरुवात केलीत तरी हा नियम फळ्यावर लिहा. कायदा मुलांच्या सुरक्षिततेसाठी होता, हे मोठ्या मुलांना चटकन पटतं.

न्याहारी अगदी थोडकी: सातूच्या (म्हणजे जवाच्या) भाकरीचा तुकडा पाणी न घातलेल्या द्राक्षमद्यात बुडवून खात. तुम्ही काळ्या द्राक्षांचा रस घ्या. वाटीभर रसात तुकडा बुडवायचा, खायचा आणि निघायचं. पोटभर नाश्ता देऊ नका, नाहीतर संध्याकाळच्या जेवणाचा सगळा डाव फसेल.

मग रांग. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४२३ च्या एका नाटकात जुन्या वळणाचा कैवार घेणारं पात्र सांगतं की, आमच्या वेळी एका वस्तीतली मुलं ओळीने, तोंडातून शब्द न काढता, पिठासारखं बर्फ भुरभुरत असलं तरी अंगावर पांघरूण न घेता गाण्याच्या गुरुजींकडे जात. हे नाटक विनोदी आहे आणि नाटककार या म्हाताऱ्याचीही टर उडवतो, तेव्हा त्याला दैनंदिनी समजू नका. पण खाली मान आणि मिटलेलं तोंड हा आदर्श होता, हे खरं. प्रत्येक पाच मुलांमागे एक मोठं माणूस पेडागोगॉस नेमा. त्याच्या हातात काठी द्या, वापरायला नव्हे, टेकायला.

अक्षरं

बर्लिनच्या संग्रहालयात डुरिस नावाच्या चित्रकाराने रंगवलेला एक प्याला आहे, साधारण इ.स.पू. ४९० ते ४८० च्या सुमाराचा. त्यावर शाळाच आहे. एक दाढीवाला गुरुजी बसून गुंडाळी उघडून धरतो आणि समोर मुलगा अंगावर वस्त्र लपेटून ताठ उभा आहे. दुसरीकडे एक जण मांडीवर पाटी आणि हातात लेखणी घेऊन बसलाय आणि मुलगा वाट बघतोय. गुरू-शिष्याची एक जोडी समोरासमोर बसून लायर वाजवते आहे. भिंतीवर लायर आणि प्याले टांगलेले आहेत. आणि कडेला पेडागोगॉस काठी घेऊन बसला आहे, तोही पायावर पाय टाकून. मुलांनी पाय असे टाकायचे नाहीत असं अ‍ॅरिस्टोफेनिसचा म्हातारा बजावतो, पण आणून सोडणाऱ्याला तो नियम लागू नसावा.

या चित्रातून वर्ग मांडायची रीत मिळते. फळ्याकडे तोंड करून बसलेली मुलं यात कुठेच नाहीत. गुरुजी बसलेले आणि एका वेळी एकच मुलगा त्यांच्यासमोर. म्हणून बाकं बाजूला सारा आणि तीन-चार स्टुलं ठेवा. प्रत्येक स्टुलावर एक शिक्षक, समोर एक मूल, बाकीची भिंतीकडेला उभी राहून आपली पाळी येईपर्यंत ऐकतील. कंटाळा येईल. येऊ द्या, थोडा.

पाठ असा घ्या.

एक, नावं. आल्फा, बीटा, गामा, डेल्टा… ओमेगापर्यंत २४. आधी सुरात पाठ, आकार नंतर. गणितात भेटलेली चिन्हं मोठी मुलं लगेच ओळखतात. सालाबाबत काटेकोर असाल तर लक्षात ठेवा, अथेन्सने ही २४ अक्षरांची आयोनियन मुळाक्षरं सरकारी कामासाठी इ.स.पू. ४०३ मध्ये घेतली. त्याआधीची त्यांची लिपी थोडी वेगळी होती. शाळेच्या उपक्रमात एवढी सूट चालते.

दोन, जोड. 'बीटा आल्फा बा, बीटा एप्सिलॉन बे, बीटा योटा बी.' आपल्या बाराखडीत 'ब ला काना बा' म्हणतात तसंच हे, आणि म्हणूनच मराठी मुलं इथे कुणाच्याही पुढे जातात. कॅलिआस नावाच्या अथेन्सच्या नाटककाराने तर अक्षरांचंच नाटक लिहिलं होतं, त्यात समूह 'बीटा आल्फा बा' गात रंगमंचावर येई. दोन गट करून सवाल-जवाबासारखं म्हणवून घ्या. आवाज चढला तरी हरकत नाही.

तीन, कोरणं. प्लेटोने सांगितलंय की ज्यांचा हात बसलेला नाही त्यांना गुरुजी लेखणीने रेघा आखून देत आणि त्या धरून लिहायला लावत. तुम्हीही मेणावर हलक्या रेघा आखून द्या. मुलाने आपलं नाव ग्रीक अक्षरांत लिहायचं, सगळी मोठी अक्षरं, शब्दांमध्ये जागा न सोडता. मग पाट्यांची अदलाबदल करून एकमेकांची नावं मोठ्याने वाचायला लावा. कुठे शब्द संपतो ते डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. मोठ्याने वाचायचा आग्रह का होता, ते मुलं तिथेच ओळखतात.

चार, पाठांतर. होमरच्या 'इलियड' महाकाव्याची पहिली ओळ: 'मेनिन आएइदे, थेआ, पेलेइआदेओ आखिलेओस'. म्हणजे, हे देवी, पेलेउसचा पुत्र आखिलेउस याच्या क्रोधाचं गाणं गा. एवढं आलं की पुरे. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफोन याने वर्णन केलेल्या एका मेजवानीत निकेराटस नावाचा तरुण सांगतो, वडिलांनी माझ्याकडून अख्खा होमर पाठ करून घेतला, आजही मी तो म्हणू शकतो. मग त्या विद्येचा उपयोग काय, तर तो म्हणतो, होमरने सांगितलंय की पेयाबरोबर कांदा छान लागतो, तेव्हा कांदा आणा! संध्याकाळी ताटात कांदा वाढताना याची आठवण करून द्या.

खडे, सूर, आखाडा

हिशोब खड्यांनी. अथेन्सची अंकलेखनाची रीत सोपी: उभी रेघ म्हणजे एक, पायचं चिन्ह म्हणजे पाच, डेल्टाचा त्रिकोण म्हणजे दहा. २७ लिहायचे तर दोन त्रिकोण, एक पाय, दोन रेघा. मुलांना आपलं वय, रोल नंबर आणि पाटीची किंमत अशी मेणावर कोरायला लावा. वीस मिनिटं पुष्कळ झाली.

संगीताला लायर मिळणार नाही. कुणाकडे तंतुवाद्य असेल तर त्याच्या एका सुरावर होमरची ओळ सगळ्यांनी मिळून म्हणा, नसेल तर टाळी पुरे.

आखाड्यात मुलं उघड्या अंगाने, तेल चोळून कुस्ती खेळत. आपण साध्या कपड्यांत धावू. एक स्टेडियन म्हणजे साधारण १८५ मीटर, तेवढं अंतर मैदानात आखा. लांब उडी मारताना ग्रीक खेळाडू दोन्ही हातांत वजनं धरत, त्याऐवजी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या द्या. भांड्यांवरच्या चित्रांत उडी मारणाऱ्याच्या शेजारी बासरीसारखं ऑलॉस वाजवणारा दिसतो. कुणी बासरी वाजवणारं असेल तर त्याला उभं करा, उडीचा ताल जमतो.

दुपारचं खाणं किरकोळ: सुके अंजीर, थोडं चीज, ऑलिव्ह, मूठभर भाजके चणे. बसून खायचं, पाच-सात मिनिटांत संपवायचं.

स्वयंपाक

अथेन्सभोवतीच्या अ‍ॅटिका प्रांतात गव्हापेक्षा सातू कितीतरी पटीने जास्त पिकायचा. माती हलकी आणि पाऊस कमी, त्यामुळे गहू काळ्या समुद्राकडून जहाजाने आणावा लागे. म्हणून रोजचं अन्न म्हणजे सातूचा 'माझा' (भाजलेल्या पिठाचा मळलेला गोळा) आणि सणाला गव्हाचा पाव. नगरभवनात पाहुणचार मिळणाऱ्यांनाही एरवी माझा आणि फक्त सणाच्या दिवशी पाव वाढायचा, असा अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन याचा नियम सांगितला जातो. नवरीने सासरी येताना सातू भाजायचं भांडं आणावं, असाही नियम त्याच्याच नावावर आहे. भाजणं किती मध्यवर्ती होतं ते यावरून कळतं.

माझा करायला २० मुलांसाठी एक किलो जव घ्या, सालं काढलेले. वाण्याकडे 'सातूचं पीठ' मागू नका. ते बहुतेक वेळा गहू आणि डाळ्यांचं मिश्रण असतं, कधी त्यात साखर-वेलचीही असते. धान्यच घ्या. रोमन लेखक प्लिनी सांगतो की ग्रीक लोक जव भिजवत, रात्रभर सुकवत आणि दुसऱ्या दिवशी भाजून दळत. तुम्हीही आदल्या दिवशी जव पाण्यातून काढून पंचावर पसरा. सकाळी कढईत मंद आचेवर भाजा. दाणा तांबूस झाला आणि तोडल्यावर आतून कच्चा पांढरा राहिला नाही, की उतरवा. यात घाई नको, कारण हे पीठ पुन्हा शिजणार नाही. गार झाल्यावर मिक्सरमध्ये रवाळ दळा.

पिठात मीठ आणि चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल घालून चोळा. मग कोमट पाणी थोडं थोडं घाला. अर्ध्या लिटरपासून सुरुवात करा, पीठ पाणी पीत राहतं. भाजणीच्या पिठासारखं मऊ झालं की अर्धा तास झाकून ठेवा आणि लिंबाएवढे गोळे करून चपटे करा. निम्म्या पिठात मध घातलात तर लहान मुलं खूश. हाताने मळायचं काम मुलांकडूनच करून घ्या, माझा या नावाचा मळण्याशीच संबंध आहे.

मसुराचं कालवण: अख्खे मसूर, कांदा, लसूण, ठेचलेले धने आणि मीठ घालून शिजवा, शेवटी थोडं व्हिनेगर आणि वरून ऑलिव्ह तेल. हे गरिबाघरचं जेवण आणि त्याच्याशी शाळेची एक गोष्ट जोडलेली आहे. तत्त्वज्ञ झीनो तरुणपणी क्रेटीस या तत्त्वज्ञाकडे शिकत होता. फार लाजाळू होता. क्रेटीसने त्याला मसुराचं कालवण भरलेलं मडकं दिलं आणि भर वस्तीतून घेऊन जा म्हणाला. झीनो ते लपवायला लागला, तेव्हा क्रेटीसने काठीने मडकं फोडलं. पायांवरून मसूर ओघळताहेत आणि हा पळतोय, तर मागून गुरू विचारतात, पळतोस कशाला, काय मोठं संकट कोसळलंय? कालवण ढवळताना सांगायला ही गोष्ट झकास आहे.

याखेरीज मुळ्याच्या फोडी, कांदा, शेपू, ऑलिव्ह आणि चीज. मासे चालणाऱ्या घरांत ताज्या बारीक माशांबरोबर सुके किंवा खारवलेले मासेही करा. कोकणातलं सुकट इथे चपखल बसतं. मांस टाळा, ते बहुतेक करून देवाला बळी दिल्यावरच ताटात येई. गोडाला भाजलेले तीळ मधात आटवून थापलेल्या पातळ वड्या.

तीळ, चीज आणि मासे यांची कुणाला अ‍ॅलर्जी आहे का ते आधी विचारून ठेवा. सातूत ग्लुटेन असतं, तेही पालकांना कळवा.

जेवण: दुसरी शाळा

मेजवानीच्या खोलीत भिंतीकडेने पलंग मांडलेले असत, त्यावर पुरुष डाव्या कोपरावर रेलून जेवत आणि प्रत्येक पलंगापुढे छोटं तिपाई मेज येई. मुलं रेलत नसत. झेनोफोनच्या त्याच मेजवानीत तरुण ऑटोलिकस बापाशेजारी बसून जेवतो, बाकीचे सगळे रेललेले. तेव्हा गाद्या आणि लोड मोठ्यांसाठी भिंतीकडेला मांडा आणि मुलांना गादीच्या काठावर बसवा. बाहेरचे पाहुणे असताना घरच्या बायका या खोलीत जेवत नसत, तेवढा भाग आपण गाळणार आहोत. मुलं हट्ट करतीलच, तर पाच मिनिटं रेलून खायला द्या. उचलून घशात जाणारं कालवण खाली कसं सांडतं ते पाहणं हाही धडाच आहे.

हात धुवायला घाला: एकाने तांब्यातून पाणी ओतायचं, दुसऱ्याने हात पुढे करायचे. काटे नाहीत. कालवण भाकरीच्या खोलगट तुकड्याने उचलायचं. हात पुसायला पावाचा मऊ गर, आणि तो कुत्र्यांना टाकायची पद्धत होती. आपण एका परातीत गोळा करू.

आता मुख्य गोष्ट. ग्रीक ताटाचे दोनच भाग: धान्य म्हणजे 'सितोस' आणि तोंडीलावणं म्हणजे 'ओप्सोन'. पोट सितोसने भरायचं, ओप्सोन फक्त चवीपुरतं. जो तोंडीलावण्यावर ताव मारतो तो 'ओप्सोफागोस', आणि ही शिवी होती. मुलांसाठीचे नियम जाड अक्षरात लिहून समोर लावा:

भाकरी डाव्या हातात, तोंडीलावणं उजव्या हाताने.
खारवलेल्या माशाला एक बोट; ताजा मासा, भाकरी आणि मांस यांना दोन.
मोठ्यांच्या आधी शेपू किंवा मुळा उचलायचा नाही.
खिदळायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही.

पहिले दोन नियम प्लुटार्ककडून, उरलेले अ‍ॅरिस्टोफेनिसच्या म्हाताऱ्याकडून. पहिल्या नियमाला मराठी मुलं हमखास अडखळतात, कारण आपल्याकडे डावा हात ताटात जात नाही. त्यांना अडखळू द्या आणि मगच कारण सांगा. एका बोटाचा नियम सुकटावर करून बघा: बोटाला चिकटेल तेवढंच तोंडात जातं, आणि खारट माशाचं तेवढंच पुरे असतं.

वाढायची पद्धत सॉक्रेटिसची वापरा. त्याच्याकडे मंडळी आपापला डबा घेऊन जमत. कुणी थोडं आणे, कुणी पुष्कळ. सॉक्रेटिस नोकराला सांगे, थोडं आणलंय त्याचं सगळ्यांमध्ये वाटून टाक. मग ज्यांनी भरपूर आणलंय त्यांना आपलं झाकून खायची लाज वाटे, तेही मध्ये ठेवत. पुढे पुढे जास्त आणण्यात अर्थच उरला नाही आणि तोंडीलावण्यावरचा खर्च कमी झाला. मुलांनाही घरून एकेक तोंडीलावणं आणायला सांगा. सगळ्यात लहान डबा आधी मध्ये ठेवा आणि काही बोलू नका, काय होतं ते पाहा.

मग पहारेकरी नेमा. त्या पंगतीतला एक तरुण भाकरी न घेता नुसतं तोंडीलावणं खात होता. सॉक्रेटिसने विषय काढल्यावर त्याने भाकरी उचलली खरी, पण नावापुरती. तेव्हा सॉक्रेटिस शेजाऱ्यांना म्हणाला, जरा लक्ष ठेवा, हा भाकरीला तोंडीलावणं करतोय की तोंडीलावण्याला भाकरी. प्रत्येक मेजावर एकाने हेच बघायचं आणि पाटीवर रेघा कोरायच्या: भाकरीबरोबरच्या घासाला एक ओळ, नुसत्या तोंडीलावण्याच्या घासाला दुसरी. सकाळी शिकलेले अंक इथे कामाला येतात. ओप्सोफागोस सापडला तर त्याला बोलणी नकोत. असा एक खादाड मुलगा पाहून तत्त्वज्ञ डायोजिनिसने मुलाला नव्हे, त्याच्या पेडागोगॉसला ठोसा लगावला होता. म्हणून शिक्षा पेडागोगॉस झालेल्या काकांना किंवा गुरुजींना: उष्टी भांडी त्यांच्याकडे.

शेवटी मेजं उचलून 'दुसरी मेजं' आणायची, म्हणजे नुसती पदार्थांची दुसरी फेरी: अंजीर, तिळाच्या वड्या, भाजके चणे. मोठ्यांची मद्याची बैठक यानंतर बसे, आपला कार्यक्रम इथे थांबतो.

मुलांनी स्पार्टा मागितलं तर

मागतातच. स्पार्टा वेगळ्या दिवशी घ्या, आणि तेही लढाईचं नको, भोजनगृहाचं घ्या. तिथे सातव्या वर्षापासून मुलं घराबाहेर, सरकारच्या ताब्यात. झेनोफोन सांगतो की त्यांना मुद्दाम अपुरं जेवण देत, वर्षभर एकच वस्त्र, पायात काही नाही. चोरून खाल्लं तर चालायचं, सापडलं की मार. पुरुष सामायिक भोजनगृहात जेवत आणि प्रत्येकाला दरमहा वाटा द्यावा लागे: सातूचं पीठ, द्राक्षमद्य, चीज, अंजीर. मुलांना तिथे ऐकायला बसवत. आत येणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यात वडील माणूस दाराकडे बोट करून सांगे, इथून एक शब्दही बाहेर जाणार नाही.

नव्या सदस्याची निवड करून दाखवणं सोपं आहे. भांडं डोक्यावर घेऊन एक जण फिरतो आणि प्रत्येक जण पावाच्या गराची गोळी त्यात टाकतो. मान्य असेल तर गोल, नसेल तर दाबून चपटी केलेली. एकही चपटी निघाली तर नकार. हे खऱ्या मुलावर करू नका, एका नाराज पोरामुळे सगळी संध्याकाळ जाईल. झर्क्सिस, सॉक्रेटिस आणि डायोजिनिस अशी नावं चिठ्ठीवर लिहून त्यांच्यावर मतदान घ्या.

दिवस संपल्यावर मेणपाट्या फेकू नका. कापडात गुंडाळून सावलीत आडव्या ठेवा, उभ्या ठेवल्यात तर एप्रिलच्या उन्हाळ्यात मेण खाली सरकतं. पुन्हा वापरायच्या वेळी केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा फिरवली की पृष्ठभाग नवा होतो.